लिनक्सवर जायचंय? आधी जुन्या मराठी फाइली उघडून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची मोफत अपडेट, थांबला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तेव्हापासून ‘विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकू का?’ असं विचारणारे वाढलेत आणि ‘फुकट आहे, टाका’ असं सांगणारेही. परवान्याचे पैसे वाचतात, धडधाकट लॅपटॉप भंगारात जात नाही, हा फायदा खरा आहे. पण वेळ जातो, आणि त्याचा हिशेब आधीच करायला हवा.

आठवडाभर कोणकोणते प्रोग्राम उघडता ते लिहून काढा. ब्राउझर, पत्रव्यवहार, साधे तक्ते एवढंच असेल तर अडचण नाही. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर ते यंत्र विंडोजवरच राहू द्या. ‘वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीत) चालतं’ या भरवशावर धंद्याचे हिशेब ठेवू नयेत.

लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराचा पेनड्राइव्ह बनवून, विंडोज न पुसता, त्यावरूनच यंत्र सुरू करा. वायफाय आणि आवाज तपासा, प्रिंटरवर एक पान प्रत्यक्ष छापा.

आता मराठी फाइली. इथे मी स्वतः फसलोय. एका वाचनालयाची जुनी इतिवृत्तं पेनड्राइव्हवर घेतली, विंडोज पुसलं, आणि लिनक्सवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी जागतिक पद्धत; त्याआधीच्या फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. फाइलीत दुसऱ्याच चिन्हाचा संकेत असतो आणि फाँट त्याजागी ‘क’चं चित्र दाखवतो. तोच फाँट लिनक्सवर बसवला तर बहुधा वाचता येतं, पण शब्द शोधता येत नाही. टंकनाची सोय करणारा प्रोग्रामही विंडोजचाच असतो, त्यामुळे दुरुस्ती अडते.

म्हणून विंडोज चालू असतानाच प्रत्येक फाइलीची पीडीएफ करा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदला. हा बदल करणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे परिवर्तकावर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. ‘निर्मिती’, ‘मार्मिक’, ‘दुसऱ्या’ असे शब्द हमखास बिघडतात. पीडीएफ शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचा. मला शंभर पानांना अख्खा दिवस लागतो.

पानं हजारांत असतील आणि त्यांत अजून भर पडत असेल, तर माझं मत ठाम आहे: जुनं यंत्र नेट तोडून त्या कामापुरतं विंडोजवर ठेवा, बाकी सगळं लिनक्सवर न्या. नव्या मजकुरासाठी मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना) कीबोर्ड निवडायचा असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

शेवटी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मग इन्स्टॉल करा. ते काम तासाभराचंही नाही.