मुलाच्या हातात टिकेल असा ‘लोखंडी’ रणगाडा कसा निवडावा

दुकानात आपण ज्याला ‘लोखंडी गाडी’ म्हणून मागतो, तिच्या अंगात लोखंड जवळजवळ नसते. ती असते ‘डाय-कास्ट’. डाय-कास्ट खेळणे म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून, तो दाबाने पोलादी साच्यात भरून ओतलेले खेळणे. झमाक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूत जस्ताबरोबर सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे असते. लोखंड सापडते ते चाकांच्या ॲक्सलमध्ये आणि असलेच तर स्क्रूमध्ये. हा धातू जाड ओतलेला असेल तर आपटून, पायाखाली येऊन, जिन्यावरून घरंगळूनही वर्षानुवर्षे टिकतो. मात्र त्याची बारीक दांडी वाकली आणि आपण ती सरळ करायला गेलो, तर ती हमखास तुटते. रणगाडा, लष्करी ट्रक किंवा विमान घेताना ज्या काही कसोट्या लावायच्या, त्या जवळपास सगळ्या या एका गोष्टीतून निघतात.

माझा भाचा सहा वर्षांचा असताना अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून आला आणि परतल्यापासून त्याला रणगाडा हवा होता. मी हौसेने, खोक्यावरचे चित्र पाहून, बारीकसारीक तपशील असलेला एक रणगाडा आणला. दुसऱ्या दिवशी तोफेची नळी गेली, आठवड्याच्या आत रबरी पट्टा निसटला, आणि उलटून पाहिले तेव्हा कळले की खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘मेटल’ छापले असले तरी धातूचे होते ते फक्त वरचे टोपण. खालचा सगळा सांगाडा प्लॅस्टिकचा होता. त्यानंतर खेळणी घेताना मी चित्राकडे शेवटी पाहतो.

पहिली तपासणी हाताने करावी. झमाक प्लॅस्टिकपेक्षा सहा पटींहून अधिक जड असतो, त्यामुळे तळहाताएवढी गाडी उचलताच फरक जाणवतो. मात्र काही खेळण्यांच्या पोटात वजनासाठी पत्र्याचा तुकडा बसवलेला असतो, म्हणून केवळ वजनावर विसंबू नये. फ्रिजवर चिकटवायचे छोटे लोहचुंबक खिशात ठेवावे. ते गाडीच्या अंगाला चिकटले तर अंग पत्र्याचे आहे, आणि पत्र्याच्या दुमडलेल्या कडा लहान बोटांना कापतात. चिकटले नाही तर अंग जस्ताचे किंवा प्लॅस्टिकचे असणार. त्यातला भेद बोटांना लागणाऱ्या गारव्यावरून आणि नखाने टिचकी मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून कळतो. ही तपासणी वरच्या भागावर आणि तळावर अशी दोन्हीकडे करावी. पाकीट बंद असेल तर दुकानदाराला नमुन्याची उघडी गाडी दाखवायला सांगावे. बहुतेक दुकानांत मुलांच्या हाताळणीने उघडे पडलेले एखादे पाकीट असतेच.

दुसरी तपासणी बाहेर डोकावणाऱ्या भागांची. रणगाड्यात सर्वात आधी तुटते ती तोफेची नळी, मग अँटेना, मग टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग. नळी टरेटसह एकाच तुकड्यात ओतलेली, बुंध्याशी जाड आणि लांबीला थोडी आखूड असेल तर ती टिकते. वेगळी, प्लॅस्टिकची, भोकात खोचलेली नळी टिकत नाही. आखूड नळीचा रणगाडा खऱ्यासारखा दिसत नाही, ही तक्रार मोठ्यांची असते, मुलांची क्वचितच. पट्ट्यांच्या बाबतीतही हाच न्याय. सुट्या रबरी पट्ट्यांवर धावणारा रणगाडा दुकानाच्या काउंटरवर सुंदर चालतो, पण घरी केस, दोरा आणि वाळू त्यात अडकतात. त्यापेक्षा पट्टे अंगासोबतच घडवलेले आणि तळाशी न दिसणारी चार छोटी चाके असलेला रणगाडा घ्यावा. हेलिकॉप्टरचे पंखे हा सर्वात दुबळा अवयव असल्याने पाच वर्षांखालील मुलासाठी हेलिकॉप्टर घेऊच नये, असे माझे मत आहे. लढाऊ विमान घ्यायचे झाल्यास पंख मुख्य अंगातच ओतलेले आणि चाके उघडमीट न होणारी असावीत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातले मारुत विमान पाहून आलेल्या मुलाला विमानच हवे असते, हे मान्य. तरीही पहिली खरेदी म्हणून सर्वात सुरक्षित निवड लष्करी ट्रक किंवा जीप हीच, कारण तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नसते.

तळ कसा जोडला आहे तेही पाहावे. रिव्हेट ठोकलेला तळ सहसा उघडत नाही, म्हणून लहान मुलांसाठी तो बरा. स्क्रू असलेला तळ मोठ्या मुलासाठी बरा, कारण दुरुस्ती करता येते. चाके सपाट काचेवर फिरवून ॲक्सल वाकलेला नाही याची खात्री करावी. मागे ओढून सोडल्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या पोटात प्लॅस्टिकचे दाते असतात आणि मूल गाडी जमिनीवर दाबून उलट ओढू लागले की ते झिजतात. तेव्हा टिकाऊपणा हवा असल्यास साधी, हाताने ढकलायची गाडी घ्यावी.

आता कायद्याची बाजू. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मग खेळणे देशात बनलेले असो वा आयात केलेले. सेलवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातच उभे राहून हे करावे, त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. रंगातील शिसे व इतर घातक मूलद्रव्ये, टोकदार कडा आणि सुटून येणारे बारीक भाग यांच्या चाचण्या या मानकात येतात, आणि रंगवलेल्या धातूच्या खेळण्याबाबत नेमके हेच धोके असतात. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर अधिक कडक राहावे: सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो असे मानले जाते. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी साधारण तेवढीच असते, घरात उरली असल्यास मोजायला वापरावी. आवाज आणि दिवे असलेल्या रणगाड्यात बटन सेल असतील आणि त्यांचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर तो रणगाडा किंमत कितीही कमी असली तरी परत ठेवावा.

खोक्यावर ‘१४+’ छापलेले दिसले तर ते खेळणे नसून प्रतिकृती आहे असे समजावे. १:७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी लांबी असलेले रणगाडे आणि विमाने बहुधा या प्रकारात मोडतात. ती कपाटात ठेवण्यासाठी असतात, त्यांना मुलांच्या खेळण्यांच्या चाचण्या लागू नसतात आणि ती महागही पडतात. मुलांसाठी आकाराने सोयीच्या म्हणजे सात सेंटिमीटरच्या आसपासच्या गाड्या, ज्यांना सैलपणे १:६४ म्हटले जाते. सैलपणे अशासाठी, की नळी वगळून जवळजवळ सात मीटर लांब असलेला टी-९० रणगाडा या प्रमाणात पावणेअकरा सेंटिमीटरचा व्हायला हवा. पण कंपनीचे पाकीट ठरलेल्या मापाचे, म्हणून जीप आणि रणगाडा एकाच लांबीचे निघतात. चाणाक्ष मुले हे पहिल्याच दिवशी दाखवून देतात. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मॅचबॉक्स मालिकेत लष्करी वाहने पूर्वीपासून येत आली आहेत आणि आजही अधूनमधून दिसतात. सुटे पाकीट मिळाल्यास ते पाच गाड्यांच्या खोक्यापेक्षा बरे, कारण खोक्यात लष्करी गाडी एखाददुसरीच असते. आपल्या रस्त्यांवरच्या वाहनांसारखी दिसणारी सेंटी या भारतीय कंपनीची लष्करी वाहने स्वस्त आणि देखणी आहेत, पण ती प्लॅस्टिकची आहेत हे लक्षात ठेवून घ्यावीत.

मुंबईत खरेदी कुठे करावी, याचे उत्तर किती गाड्या हव्यात यावर अवलंबून आहे. वाढदिवसाच्या परतभेटींसाठी दहा-बारा हव्या असतील तर महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे आपले क्रॉफर्ड मार्केट, आणि लगतची अब्दुल रहमान स्ट्रीट गाठावी. तिथे घासाघीस चालते, पण चिन्ह नसलेला मालही त्याच फळीवर असतो, तेव्हा वर सांगितलेली तपासणी तिथे सर्वाधिक गरजेची. रविवारी घाऊक दुकाने बरीचशी बंद असतात. एकच गाडी हवी असेल तर प्रवासाचा खर्च आणि वेळ धरता दादरच्या रानडे रोडवरचे किंवा आपल्या उपनगरातले स्टेशनजवळचे दुकान परवडते. मॉलमधल्या दुकानांत निवड चांगली असते, मात्र तिथे मुलाला बरोबर नेल्यास अंदाजपत्रक घरी ठेवून जावे. ऑनलाइन घेताना परीक्षणांतील ताऱ्यांपेक्षा ग्राहकांनी टाकलेली तळाची छायाचित्रे शोधावीत आणि आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा देश दिलेला नसेल तर पुढे जाऊ नये.

चोर बाजाराविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण मटन स्ट्रीटवर डिंकी या जुन्या ब्रिटिश खेळणी-मालिकेचे किंवा मॅचबॉक्सचे जुने लष्करी ट्रक पाहून मोठ्यांचाच धीर सुटतो. ते स्वतःसाठी जरूर घ्यावेत, मुलासाठी नव्हे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी, आणि जुने ओतीव सैनिक तर अनेकदा शिशाचेच असतात. शिवाय जुन्या ओतकामात जस्तामध्ये शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि एके दिवशी गाडीचा चुरा होतो. यावर इलाज नाही.

घरी आणल्यावर खरा शत्रू पावसाळा. जस्त तांबडे गंजत नाही, पण ॲक्सल गंजतो आणि चाके फिरेनाशी होतात, तर रंग उडालेल्या जागी पांढरी भुकटी धरते. खेळून ओल्या झालेल्या गाड्या पुसून पंख्याखाली ठेवाव्यात, हवाबंद डब्यात त्यांच्यासोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि तो डबा लहान भावंडाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा. जून लागण्याआधी टाचणीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक चाकामागे सोडावा आणि जास्तीचे तेल लगेच टिपून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ बसून चाक पुन्हा जाम होते.