पोटकंत्राटाच्या बिलातून कापलेला कर परत मिळवा

रंगारी, प्लंबर, सुतार, वायरमन अशा स्वतंत्र कारागिरांनी मोठ्या कंत्राटदाराकडून पोटकंत्राट घेतले, की एका वेळचे बिल ३०,००० रुपयांहून अधिक असल्यास किंवा वर्षाची एकूण रक्कम १,००,००० रुपयांच्या वर गेल्यास, कर कापणे बंधनकारक असलेला कंत्राटदार व्यक्तीच्या बिलातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापतो. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसले, तरी आयकर विवरणपत्र न भरल्यामुळे हे कष्टाचे पैसे अनेकांचे सरकारजमाच राहतात.

१. काम सुरू होण्यापूर्वीच पॅन क्रमांक लेखी द्या. तो दिला नाही किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असला, तर कपात थेट २० टक्क्यांवर जाते.

२. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद दर तिमाहीनंतर पाहा. कापलेली रक्कम तेथे दिसत नसेल, तर कंत्राटदाराकडे लगेच विचारणा करा. काम संपून माणसे पांगल्यावर ही दुरुस्ती करून घेणे फार अवघड जाते.

३. मुदतीत विवरणपत्र भरा. अनुमानित उत्पन्नाच्या (मिळालेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरण्याच्या) तरतुदीखाली बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख रकमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवता येतो, त्यामुळे सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. जादा कापलेला कर बँक खात्यात परत येतो.

मात्र सुट्टीच्या दिवशी घरोघरी केलेल्या खासगी कामांची रक्कमही त्याच विवरणपत्रात धरली पाहिजे, कारण टीडीएस कापला गेला नाही म्हणून ते उत्पन्न करमुक्त ठरत नाही.