पसरणारा गुलाब लावण्याआधी

जमिनीलगत पसरणारा गुलाब लावायचं ठरलं की रोपं आणायला धावू नका, आधी कुदळ आणि खुरपं काढा. या गुलाबाच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या की त्या काटेरी जाळीत हात घालून तण उपटणं फार अवघड होतं. दाट पाल्याखाली बियांपासून उगवणारं तण दबतं हे खरं, पण हरळी आणि लव्हाळा दाद देत नाहीत. लव्हाळा वरून ओढला की पातं हातात येतं, दोऱ्यासारखी मुळी मध्येच तुटते आणि खालची काळपट गाठ तशीच राहते. थोड्याच दिवसांत कोंब पुन्हा वर! म्हणून वाफा फूटभर खोल खणा, गाठी आणि हरळीच्या पांढऱ्या मुळ्या हाताने वेचा, पाणी द्या आणि पंधरा दिवस थांबा. जे उगवेल ते पुन्हा मुळासकट काढा. मी हे दोनदा करते, आणि तेवढ्यासाठी लागवड महिनाभर पुढे गेली तरी चालते.

जागेला रोज निदान 6 तास ऊन हवं, त्यातही सकाळचं असेल तर उत्तम, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं. पान सलग सातएक तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला वाव मिळतो, आणि या झाडाची पानं तर मातीला टेकलेलीच असतात. निचराही पाहून घ्या. फूटभर खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासन् तास तसंच राहिलं तर वाफा उंच करा.

आता रोपांकडे वळू. 'द फेअरी' हा 1932 सालचा जुना गुलाब अजून भरवशाचा आहे. 'फ्लॉवर कार्पेट' मालिकेतले गुलाबही चांगले, त्यांची सुकलेली फुलं खुडत बसावं लागत नाही. जमलं तर डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर जोडलेल्या, कलमाऐवजी स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं रोप घ्या. कलमाच्या खुंटाला, म्हणजे खालच्या मुळांच्या भागाला, फुटलेले धुमारे या गर्दीत दिसतच नाहीत आणि हळूहळू वर जोडलेल्या गुलाबाला मारतात. दोन रोपांत 60 ते 90 सेंमी अंतर धरा. सुरुवातीला वाफा उघडाबोडका दिसेल, पण मधे जास्तीची रोपं कोंबू नका.

कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मातीत आधीच मिसळून ठेवा. ठिबकची नळी लागवडीबरोबरच अंथरा, नंतर ती काट्यांखालून सरकवता येत नाही. वाफा तीन फुटांहून रुंद असेल तर मध्ये पाय ठेवायला एक-दोन सपाट दगड बसवा. दोन-तीन इंच आच्छादनापुरता पालापाचोळा किंवा सालीचे तुकडे जमवून ठेवा. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. आणि हातमोजे कोपरापर्यंत येणारे, चामड्याचे घ्या, कापडी मोज्यांतून काटे आरपार जातात.