फुटक्या स्क्रीनच्या लॅपटॉपवर आपला गिट सर्व्हर, तोही गावात बसून

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल, आणि त्याचा सर्व्हर आपल्याच घरी चालवणं म्हणजे सेल्फ होस्टिंग. ते म्हटलं की पोरं आधी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर मागवतात. मी म्हणतो कायले? घरात स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप पडून असेल तर तोच काढा, कारण त्याच्या पोटात बॅटरी आहे, आणि आमच्या यवतमाळकडच्या गावात लाईन कधी जाईल न कधी येईल याचा काही नेम नाही, रास्पबेरी पाय असता तर दर झटक्याला बंद पडला असता आणि असं चार-दोनदा झालं की मेमरी कार्डवरचा डेटा गेलाच समजा.

४ जीबी रॅम पुरते. हार्ड डिस्क असेल तर ती काढून छोटी एसएसडी टाका, एवढा एक खर्च करा. त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं, इन्स्टॉल करताना काय काय हवं ते विचारणारी स्क्रीन येते तिथं डेस्कटॉपची टिक काढायची आणि एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या मशीनवरून लॉगइन करायला) ठेवायची. बाकी नेक्स्ट नेक्स्ट.

आता पहिली गोष्ट जी मी केली नव्हती. झाकण लावल्यावर काय करायचं हे ठरवणाऱ्या लॉगइनडीच्या कॉन्फिग फाईलमध्ये हॅन्डल लिड स्विच नावाची ओळ असते, तिच्या सुरुवातीचं हॅश काढून किंमत इग्नोर करा आणि मशीन रिस्टार्ट करा. मी पुण्याला क्लायंटकडे गेलो होतो, सर्व्हर अचानक गायब. आईला फोन लावला.

"लॅपटॉपचा दिवा लागून आहे का?"

"दिवा कायचा, मी तर झाकण लावून वरून टॉवेल टाकला, किती धूळ बसून राह्यली होती त्याच्यावर!"

झाकण लावलं की तो झोपतो हे तिला कोण सांगणार. इग्नोर केलं असतं तर चालू राहिला असता, फक्त टॉवेलखाली शिजला असता.

शिजण्यावरून आठवलं, जागा नीट पहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात टिनाची खोली नकोच. कूलरच्या थेट तोंडासमोरही नको, ती ओली हवा असते. आणि भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवत असाल तर त्या खोलीत अजिबात नको. मी पहिल्या वर्षी तिथंच ठेवला होता, फॅनचा आवाज वाढला म्हणून मागचं झाकण उघडलं तर जाळीवर रुईचा चांगला बोटभर थर, वातीच वळता आल्या असत्या. आता दिवाळीनंतर दर महिन्याला बंद करून ब्रशनं साफ करतो, पातं बोटानं धरून.

बॅटरी चोवीस तास फुल चार्ज ठेवली आणि वरून असा उन्हाळा, तर फुगते. मॉडेल साथ देत असेल तर टीएलपी नावाचं बॅटरी सांभाळणारं टूल टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र बॅटरी लगेच काढा, त्यात चालढकल नको. राउटरला मिनी यूपीएस लावा, पण आधी अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा, माझ्या राउटरला १२ लागतात, तुमच्या वेगळे असू शकतात.

एवढं करूनही नेट जाणारच, चौकातल्या डब्याचीच लाईन जाते तिथं आपला यूपीएस काय करणार. म्हणूनच मला गिट आवडतं. टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये ते बनवलं तेव्हापासून प्रत्येकाच्या कॉपीत सगळी हिस्टरी असते, नेट नसलं तरी कमिट मारत (बदल नोंदवत) बसा, नेट आलं की पुश (सर्व्हरवर पाठवा). जे टूल नेट गेल्यावर नुसतं चक्र फिरवत बसतं ते मी कामाला घेतच नाही, मग ते कितीही भारी असो.

सर्व्हरवर गिट नावाचा युजर करा, फोल्डरमध्ये गिट इनिटला बेअर ऑप्शन लावा (म्हणजे तिथं फक्त हिस्टरी राहते), आपली एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी फाईल) टाका, पासवर्ड लॉगइन बंद करा. झाला सर्व्हर. वेबपेज हवंच असेल, इश्यू (कामांची-बगची यादी) वगैरे, तर फोर्जेओ टाका. २०२२ मध्ये गिटी नावाच्या तशाच प्रोजेक्टपासून फुटून निघालेला प्रोजेक्ट आहे, एकच बायनरी, एसक्यूलाईट या एका फाईलच्या डेटाबेसवर मस्त चालतो. ४ जीबीत त्याच कामाचं पण अवजड गिटलॅब बसवणं म्हणजे गोऱ्ह्याला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपणं.

बाहेरून पोचायचं असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पहा. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला म्हणजे कंपनीनं तुम्हाला सीजीनॅटच्या मागं ठेवलंय, एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून, मग पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेलं कनेक्शन आत वळवणं) कितीही रात्री जागा, उपयोग शून्य. आपल्या मशीनी खाजगी नेटवर्कनं आपसात जोडणारं टेलस्केल टाका, दहा मिनिटांचं काम आहे. ते नको असेल तर स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाईन सर्व्हर) घेऊन वायरगार्ड हा व्हीपीएन लावा आणि घरच्या बाजूला कीपअलाईव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत बसलेलं कनेक्शन मधेच तुटतं.

बॅकअपला मी रेस्टिक नावाचं टूल वापरतो, रोज रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप), एक डिस्क घरात आणि एक बहिणीकडं नागपूरला. फोर्जेओची एसक्यूलाईट फाईल, तो चालू असताना, नुसती कॉपी करू नका, अर्धवट येऊ शकते, तिची स्वतःची बॅकअप कमांड आहे ती वापरा. आणि रिस्टोर करून पहा. मी वर्षातून दोनदा पाहतो, शिमग्याला आणि पोळ्याला, म्हणजे तारीख विसरत नाही. गेल्या पोळ्याला बसलो तर नागपूरच्या डिस्कचा पासवर्डच आठवेना, आणि रेस्टिकमध्ये पासवर्ड गेला की डेटा गेला, कोणी काढून देत नाही. नवीन बॅकअप पहिल्यापासून घेतला, आणि आता तो पासवर्ड कागदावर लिहून आईच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.