सार्वजनिक नेमबाजी रेंजवर जाताना : सुरक्षितता आणि वागण्याचे नियम

खानदेशात नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा येणारा माणूस सहसा तीनपैकी एका वाटेने आलेला असतो. कोणी कॉलेजात एनसीसीत असताना उस्तादांच्या देखरेखीखाली पालथे झोपून पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलीने फायरिंग केलेले असते. कोणाचे शेत सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे घरात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली परवान्याची बंदूक असते. आणि अलीकडे मुलामुलींना घेऊन येणारे आईवडील दिसतात, ज्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांना ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक घेताना पाहिलेले असते. या तिघांपैकी मला सर्वांत निर्धास्त वाटते ते तिसऱ्यांबाबत, कारण आपल्याला यातले काही येत नाही हे त्यांना मान्य असते. भरलेली बंदूक खांद्याला लावून बांधावरून चालण्याची किंवा ती खळ्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवण्याची ज्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांना ती रेंजवर मोडावी लागते, आणि ते शिकण्यापेक्षा अवघड असते.

रेंजच्या सगळ्या नियमांमागे एकच धारणा आहे : शस्त्राबद्दल कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, मग बोलणारा नवखा असो, निवृत्त फौजदार असो किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला नेमबाज असो. ‘रिकामी आहे’ असे सांगून भागत नाही. ती रिकामी आहे हे शेजारच्या लेनवरच्या, म्हणजे शेजारच्या नेमबाजाच्या पट्ट्यातल्या, माणसाला न विचारता दिसले पाहिजे. त्यासाठी बोल्ट किंवा कॉकिंग लिव्हर (शस्त्र भरण्यासाठी उघडायचा दांडा) उघडी ठेवायची आणि नळीत सेफ्टी फ्लॅग घालायचा. एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी हा फ्लॅग म्हणजे भडक रंगाची प्लास्टिकची दोरी असते, आणि ती नळीच्या दोन्ही टोकांबाहेर दिसेल एवढी लांब असावी लागते, कारण ती आरपार गेली म्हणजे नळीत पेलेट (शिशाचा छोटा छर्रा) अडकलेला नाही हेही सिद्ध होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत सेफ्टी फ्लॅग बंधनकारक आहे. सरावाच्या दिवशी तो टाळण्याला मात्र काही सबब नाही, कारण शेतीच्या अवजारांच्या दुकानात ग्रासकटरसाठी मिळणाऱ्या नायलॉनच्या दोरीचा केशरी तुकडासुद्धा हे काम चांगले करतो. तो नळीत सहज सरकतो एवढ्या जाडीचा आहे ना, एवढेच पाहून घ्यावे.

घरून निघण्यापूर्वी

सर्वसामान्यांना खुली असलेली आपल्याकडची रेंज प्रायः १० मीटरची, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या पेलेटवर चालणाऱ्या एअर रायफलीची आणि एअर पिस्तुलाची असते. ५० मीटरची रायफल किंवा २५ मीटरचे पिस्तूल यांच्या सरावासाठी पुण्याच्या बालेवाडीसारखे मोठे संकुल गाठावे लागते. म्हणून आधी फोन करून रेंजचा प्रकार, नवख्यांसाठी ठेवलेली वेळ, शस्त्र तिथे मिळते की स्वतःचे आणावे लागते आणि ओळखपत्र कोणते लागते, हे विचारून घ्यावे. पायात बंद बूट असावेत. चप्पल घालून आलेल्याला अनेक ठिकाणी लेनवर उभे करत नाहीत. पॉइंट टू टू किंवा त्याहून मोठ्या बोअरच्या रेंजवर जायचे असल्यास गळाबंद शर्ट घालावा, कारण शेजारच्या शस्त्रातून उडालेले तापलेले रिकामे काडतूस कॉलरच्या आत गेले की माणूस दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातली नळीही वळते.

स्वतःचे शस्त्र नेणाऱ्याने कायद्याची बाजू नीट पाहावी. ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, परंतु परवाना लागत नाही म्हणजे ती खांद्यावर टाकून एसटी स्टँडवर फिरता येते असा अर्थ कोणी काढू नये. ती बंद केसमध्येच न्यावी आणि खरेदीची पावती व क्लबचे ओळखपत्र जवळ ठेवावे. परवान्याचे शस्त्र असेल तर मूळ परवाना सोबत हवा, शस्त्र रिकामे हवे आणि काडतुसे वेगळ्या पिशवीत हवीत. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात अशी शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघू शकतात, तेव्हा त्या दिवसांत आधी चौकशी करून मगच निघावे. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या भागात ती अजून सांगावी लागते : रेंजवर कमावलेला हात लग्नाच्या वरातीत दाखवायचा नसतो. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या प्रसंगी बेपर्वाईने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

उन्हाळ्याचा विचार खानदेशात वेगळा करावाच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीच्या आतले तापमान त्याहून बरेच वर चढते. आधुनिक एअर रायफलीच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते, आणि उष्णतेने हा दाब वाढतो. म्हणून रायफल किंवा सुटा सिलिंडर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नये. सिलिंडरवर कोरलेली मुदत पाहावी आणि ती उलटली असेल तर तो वापरू नये. हवा भरण्याची सोय जवळ नाही म्हणून वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून आणण्याची युक्ती कोणी सुचवली, तर त्याचे ऐकू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनचा तेलाशी किंवा ग्रीसशी संबंध आला की स्फोट होऊ शकतो, आणि रायफलीच्या यंत्रणेत ग्रीस असतेच. सिलिंडरमध्ये स्वच्छ, कोरडी हवाच भरायची असते.

लेनवर

रेंजच्या दारातून आत गेल्यावर नोंदवहीत नाव लिहावे आणि रेंज ऑफिसरला, म्हणजे आज्ञा देणाऱ्या आणि शिस्त पाहणाऱ्या माणसाला, भेटेपर्यंत केस उघडू नये. केस उघडायची ती फायरिंग पॉइंटवरच, म्हणजे गोळी झाडण्याच्या जागेवरच, आणि झाकण उघडण्यापूर्वी नळीचे तोंड टारगेटकडे आहे याची खात्री करून. बंद केस दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत असल्यामुळे पुष्कळ लोक ती उलटी ठेवतात, झाकण उघडतात आणि मग रायफल सरळ करण्यासाठी नळी सगळ्या खोलीवरून फिरवतात. ज्या टोकाला नळीचे तोंड येते तिथे केसवर बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली की हा प्रश्न कायमचा सुटतो.

यापुढचे तीन नियम बहुतेक रेंजवर भिंतीवर लिहिलेले असतात : नळीचे तोंड सदैव टारगेटच्या दिशेने, नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या (चापाच्या) बाहेर, आणि आज्ञा मिळेपर्यंत शस्त्र रिकामे. त्यांतला पहिला नियम मोडला जातो तो नेम धरताना नव्हे, तर बोलताना. मागून कोणी ‘भाऊ’ म्हणून हाक मारली की माणूस कमरेतून वळतो. पिस्तूल हातात असेल तर हे अधिकच धोक्याचे, कारण आखूड नळीला वळायला मनगटाची एक हालचाल पुरते. म्हणून नेमबाजाने हाकेला उत्तर देण्याआधी शस्त्र टेबलावर ठेवावे, लिव्हर उघडावी, फ्लॅग घालावा आणि मग वळावे. आणि मागच्याने मुळात हाक मारूच नये.

आज्ञा सहसा इंग्रजीत दिल्या जातात, आणि त्यांचा अर्थ नवख्याने आधीच समजून घ्यावा. ‘लोड’ म्हटल्याशिवाय पेलेट किंवा काडतूस भरायचे नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्याशिवाय गोळी झाडायची नाही, ‘अनलोड’ म्हटल्यावर शस्त्र रिकामे करून दाखवायचे. ‘स्टॉप’ ही आज्ञा मात्र वेगळ्या जातीची आहे. ती ऐकल्या क्षणी, चाप अर्धा ओढलेला असला तरी, बोट बाहेर काढायचे. ‘ही एक मारून घेतो’ याला जागा नाही. धोका दिसला तर ‘स्टॉप’ असे कोणीही, अगदी पहिल्यांदा आलेल्या मुलीनेही, ओरडावे. शंका चुकीची ठरली तर सर्वांचा एक मिनिट जाईल, एवढेच.

कागदी टारगेट बदलण्यासाठी जिथे माणसांना पुढे चालत जावे लागते, तिथे सर्वांत कडक शिस्त लागते. सगळी शस्त्रे रिकामी, फ्लॅग लावलेली आणि टेबलावर ठेवलेली असावीत. सगळे नेमबाज फायरिंगच्या रेषेच्या मागे असावेत. ऑफिसरने परवानगी दिल्यावरच लोक पुढे जावेत. ते पुढे असताना मागे राहिलेल्याने शस्त्राला, साइट (नेम धरण्याचे साधन) पुसण्यासाठीदेखील, हात लावायचा नाही. पेलेट न भरता चाप ओढण्याचा सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, तोही अशा वेळी पूर्ण बंद.

वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे गृहीतच धरावा. बंदिस्त रेंजमध्ये दिवे गेले तर पहिली प्रतिक्रिया मोबाइलचा टॉर्च लावण्याची असते, आणि त्यासाठी एक हात शस्त्रावरून निघतो. तसे करू नये. जागेवरच थांबावे, नळी टारगेटकडे ठेवून बोट बाहेर काढावे, लिव्हर चाचपून उघडावी, शस्त्र टेबलावर ठेवावे आणि ऑफिसरचा आवाज येईपर्यंत हलू नये. उजेड परत आल्यावर आत पेलेट होता की नव्हता हे आठवत नसेल, तर तसे सरळ सांगावे. ऑफिसर शस्त्र टारगेटकडे झाडून रिकामे करायला लावतो. एअर रायफलीत एकावर एक दोन पेलेट भरले जाण्याचे कारण बहुतेक वेळा अशी अर्धवट आठवणच असते.

पॉइंट टू टूमध्ये चाप ओढूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. दारू उशिरा पेट घेऊ शकते, म्हणून नळी टारगेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबावे, मोकळा हात वर करून ऑफिसरला बोलवावे आणि तो सांगेल तसे काडतूस काढावे. एवढ्याशा दिसणाऱ्या या गोळीची पोच दीड किलोमीटरच्या पलीकडे असते, हे लक्षात ठेवले की नळीचे तोंड छताकडे करून उभे राहणे का चालत नाही ते समजते.

डोळ्यांना संरक्षक चष्मा एअर रायफलीच्या रेंजवरही हवा, कारण पेलेटचे कण कठीण पृष्ठभागावरून उलटे येतात. दारूच्या काडतुसांच्या रेंजवर कानाला प्लग किंवा मफ लावल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. पॉइंट टू टू रायफलीचा आवाजसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

इतरांच्या लेनचा मान

एअर रायफलीच्या १० मीटरच्या टारगेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि स्पर्धेत असे ६० शॉट ७५ मिनिटांत घ्यायचे असतात. शेजारी उभा असलेला नेमबाज श्वास आणि नाडी यांच्या मधली जागा शोधत असतो. त्यामुळे मोबाइल बंद ठेवणे, खुर्ची न ओढणे, पेलेटचा डबा टेबलावर न आपटणे आणि कूलरचा झोत लेनवर न वळवणे ही साधी माणुसकी आहे. दुसऱ्याचे शस्त्र त्याने स्वतःहून हातात दिल्याशिवाय उचलू नये, आणि त्याने दिले तरी लिव्हर उघडून आत पाहिल्याशिवाय घेऊ नये. असे पाहण्यात कोणाचा अपमान होत नाही, उलट तुम्हाला रीत ठाऊक आहे हे त्याला कळते. दुसऱ्याच्या टारगेटवर मत देऊ नये. तुमची गोळी चुकून शेजारच्या टारगेटवर लागली तर लगेच ऑफिसरला सांगावे, कारण गप्प बसल्यास त्याच्या गुणांचा हिशेब बिघडतो.

पालकांबद्दल थोडे स्पष्ट लिहायला हवे. मूल लेनवर उभे असताना मागून ‘खांदा खाली घे’, ‘घाई करू नको’ असे सांगत राहणाऱ्या वडिलांना आपण मदत करतो आहोत असे वाटते, पण मुलाला त्या वेळी दोन आवाज ऐकू येतात, आणि त्यांतला ऐकायलाच हवा असा आवाज रेंज ऑफिसरचा असतो. पालकांनी मागच्या बाकावर बसावे, सांगायचे ते सराव संपल्यावर प्रशिक्षकाला सांगावे. फोटो हवा असेल तर आधी परवानगी घ्यावी, फ्लॅश बंद ठेवावा, आणि फोटोसाठी नळी कॅमेऱ्याकडे वळवायला सांगू नये. सोबत आलेल्या मामा-काकांनी ‘एक मला मारू द्या’ असा आग्रह धरला, तर त्यांचीही नोंदवहीत नोंद व्हावी आणि त्यांनाही सुरुवातीच्या सूचना ऐकाव्या लागाव्यात. नात्याचा मान रेषेच्या मागेच ठेवलेला बरा.

उन्हाळ्यात जाड शूटिंग जॅकेट घालून तासभर उभे राहिल्यावर घेरी येऊ शकते. डोके हलके वाटू लागले की शस्त्र ठेवून मागे यावे आणि पाणी प्यावे, मात्र लेनवर नव्हे. पेलेट आणि काडतुसांमध्ये शिसे असते, ते बोटांना आणि टेबलाला लागते, आणि तोंडावाटे पोटात जाते. म्हणून लेनवर खाणे-पिणे, तंबाखू मळणे आणि पेलेट ओठांत धरणे, जे एनसीसीच्या कोणत्याही उस्तादाने शिकवलेले नसूनही काही जण करतात, हे सर्व वर्ज्य आहे. खाली सांडलेले पेलेट हाताने वेचून डब्यात टाकावेत. फरशी कोरड्या झाडूने झाडू नये, कारण शिशाची धूळ हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसावी. निघताना शस्त्र ऑफिसरला उघडे दाखवावे, फ्लॅगसह केसमध्ये ठेवावे, नोंदवहीत वेळ लिहावी आणि जेवणाच्या डब्याला किंवा लहान मुलाला हात लावण्याआधी साबण व थंड पाण्याने हात धुवावेत. रेंजवरचे कपडे घरी गेल्यावर बाकीच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत, आणि घरात तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते बाहेरच बदलून आत जावे.