आठ टोकांचा तारा आणि जाफ गालिच्याचा लाल

कुर्दी गालिचा, इस्लामी भूमिती आणि पाश्चात्त्य अमूर्त चित्र एका कागदावर आणायचं असेल, तर तिघांना वेगवेगळं काम द्या. सांगाडा कर्कटकाचा, रंग विणकरणींचे, आणि चित्र कुठे कापायचं हे अमूर्त चित्रकारांकडून शिकायचं. तिन्हींचे नमुने नुसते शेजारी मांडले तर मला ते चित्र वाटतच नाही.

८ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. उभा-आडवा व्यास, मग कर्कटकानेच कोन दुभागून आणखी दोन. परिघावरच्या आठ बिंदूंपैकी एकाआड एक जोडले की दोन चौरस एकमेकांत अडकून तारा होतो. कोनमापक वापरू नका. अर्ध्या अंशाचा फरक पुढच्या ताऱ्यांत वाढत जातो. असे तारे उभ्या-आडव्या ओळींत टोकाला टोक लावून काढा, मधे टोकदार फुल्या आपोआप उमटतात. तेराव्या शतकातल्या इराणी फरशांवर हीच जोडी दिसते.

आता जाफ. इराक-इराण सीमेवरच्या या कुर्दी टोळीच्या गालिच्यांत शंकरपाळ्याच्या आकाराला चहूबाजूंनी हुकासारखे वळलेले आकडे फुटलेले असतात. विणताना गाठी ओळीआड अर्ध्या घराने सरकवतात, त्यामुळे तिरकी कड पायऱ्यांची न होता सलग जाते. ताऱ्याच्या पोटात असा एक आकडेदार शंकरपाळा बसवा. आणि लाल रंग एकदम कालवू नका! वाटी संपली की नव्याने कालवा, थोडा वेगळा होऊ द्या. रंगवलेल्या लोकरीचा एक घाणा संपून दुसरा लागला की गालिच्यातही असाच पट्टा दिसतो, आणि मला तर सगळ्यात जास्त जीव त्या पट्ट्यातच जाणवतो.

अमेरिकी अमूर्त चित्रकार फ्रँक स्टेला १९६३ साली इराणला जाऊन आला. १९६७ मधल्या त्याच्या ‘हरान २’ला आग्नेय तुर्कस्तानातल्या प्राचीन हरानचं नाव आहे. एकमेकांत गुंफलेल्या कमानी, आणि कॅनव्हास सुमारे ३ मीटर बाय ६ मीटर. नक्षी एवढी मोठी झाली की ती सजावट राहत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेऊन चौकट करा आणि ती नक्षीवर फिरवा. एक तारा पूर्ण, बाकीचे कडेला कापलेले, अशी जागा सापडली की तेवढाच भाग चौपट मोठा करून नव्या कागदावर काढा. फुल्यांमध्ये एकच सपाट गडद निळा भरा, काहीही नक्षी नको. लाल त्यानंतर, आणि आकडे सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने.