डबल काचेच्या खिडकीत मधोमध धुकं धरलं तर काय करावं

दोन काचांच्या मध्ये धुकं दिसायला लागलं की त्यांच्या कडा बंद करणारं सील गेलं असं समजा. गेलेलं सील खिडकीत जागेवर दुरुस्त होत नाही. बदलायची असते ती काचांची जोडी, म्हणजे ज्याला फॅब्रिकेटर (खिडक्या बनवणारे) डीजीयू म्हणतात ती. चौकट, झडप, हँडल, बिजागऱ्या सगळं तसंच राहतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक एक तर काचेला भोक पाडून वाफ काढून देणाऱ्याच्या नादी लागतात, नाही तर अख्खी खिडकी बदलायचं कोटेशन मान्य करून बसतात. दोन्हीत पैसे वाया जातात.

आधी खात्री करा

ओल कुठे आहे ते बोटाने पुसून बघा. आतून पुसून गेली तर ती खोलीतल्या दमट हवेची. बाहेरून पुसून गेली तर तेही सील गेल्याचं लक्षण नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्याकडे बाहेरची हवा पाण्याने इतकी भरलेली असते की रात्रभर एसी चालला की चांगल्या डबल काचेवरही बाहेरून दव धरतं. कडांना जास्त, कारण दोन काचांमध्ये अंतर ठेवणारी अॅल्युमिनियमची स्पेसर पट्टी गारवा बाहेरच्या काचेपर्यंत पोचवते. एसीचा झोत थेट काचेवर येत असेल तर आणखी. झोत वळवा, निम्मी तक्रार मिटते.

दोन्ही बाजूंनी पुसून जात नाही, तेव्हा ओल मध्ये आहे.

पण ती कायम दिसत नाही, आणि भांडणं होतात ती इथेच. रात्रभर एसी चालल्यावर आतली काच गार पडते, म्हणून पहाटे धुकं तिच्या मधल्या अंगाला धरतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात उलटं होतं, बाहेरची काच गार म्हणून धुकं तिला. ऊन आलं की दोन्ही गायब. फॅब्रिकेटर येतो दुपारी, काच स्वच्छ बघतो आणि ‘काही नाही, साहेब’ म्हणून निघून जातो. म्हणून पहाटे फोटो काढून ठेवा.

फोटो नसेल तर बर्फाने बघता येतं. सकाळी, काचेवर ऊन नसताना, स्टीलच्या डब्यात बर्फ आणि थोडं पाणी घालून डब्याचा तळ काचेला दहा मिनिटं टेकवून धरा. मग डबा टेकवला होता तेवढी जागा वरून कोरडी पुसा आणि बॅटरी तिरकी मारून बघा. मध्ये गोल धुकं दिसलं तर सील गेलंय. चांगल्या जोडीतली हवा इतकी कोरडी असते की बर्फाच्या गारव्याने तिथे काहीच जमत नाही. तापलेल्या काचेवर मात्र हा प्रयोग करू नका, तडा जाईल.

काही खिडक्यांना परीक्षा लागतच नाही. काचांच्या मध्ये खालच्या कडेला थेंब साचलेत, पांढरे ओघळ सुकलेत, कोटिंगवर (काचेवरच्या अतिपातळ थरावर) तपकिरी किंवा इंद्रधनुषी डाग उमटलेत, स्पेसरजवळून ब्युटिल, म्हणजे सीलचा काळा चिकट पदार्थ, दोऱ्यासारखा आत ओघळलाय, यातलं काहीही दिसलं तर थेट मापाकडे वळा.

सील जातं कशाने

जोडीला दोन सीलं असतात. आतलं काळं ब्युटिल वाफ अडवतं, बाहेरचं पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन दोन काचा धरून ठेवतं. स्पेसर पोकळ असतो आणि त्यात ओल शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. काच उन्हात २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेली की आतल्या कोंडलेल्या हवेचा दाब दहा टक्क्यांच्या आसपास वाढू पाहतो, संध्याकाळी उतरतो. रोज काचा फुगतात, दबतात, आणि ती ओढाताण सील सोसतं. चांगलं सील ती वर्षानुवर्षं सोसतं. ज्याची खालची कड पाण्यात बुडालेली आहे किंवा ज्याच्या एका काचेला खालून आधारच नाही, ते सोसत नाही. वाफ शिरत राहते, मणी ती पितात, आणि मणी भरले की तुम्हाला धुकं दिसतं. म्हणजे बिघाड धुक्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेला असतो.

मी उघडलेल्या बहुतेक खिडक्यांमध्ये कारण हेच होतं: साचलेलं पाणी किंवा काचेखालच्या आधाराचं चुकीचं पॅकिंग. दोन्ही दोष बसवणाऱ्याचे. ते तसेच ठेवून नवी जोडी घातली तर तीही त्याच वाटेने जाणार.

भोक पाडण्याबद्दल एकदाच सांगतो. आपल्याकडच्या डबल काचा बहुधा टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, आणि टफन काचेला भोक पाडायला गेलात तर ती क्षणात चुरा होऊन खाली येते. साधी काच असेल तर भोक पडेल, वाफही निघेल, पण मणी मेलेलेच राहतात. पांढरे डाग तर काच आतून खाल्ली गेल्याचे असतात, ते कशानेही निघत नाहीत. बाहेरून कडेने सिलिकॉन फिरवणारेही असतात. त्याने आतली ओल आतच कोंडली जाते.

घाई किती करायची? बाणेर-वाकडला बायपासच्या आवाजासाठी डबल काच बसवली असेल तर धुक्याने आवाजाच्या अडवणुकीत सहसा फरक पडत नाही. पावसाळा उलटेपर्यंत थांबलात तरी चालेल. भर पावसात खिडकी उघडी टाकण्यापेक्षा ते बरं.

माप

बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, काढून काच बसते त्या खाचेचं माप घ्या, दिसणाऱ्या काचेचं नाही. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्हींत सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून १० मिलिमीटर वजा करा, म्हणजे चारी बाजूंना ५-५ मिलिमीटर मोकळे राहतात. टफन काच नंतर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही. दोन मिलिमीटर जास्त आली तरी परत ऑर्डर. कर्णही मोजा.

जाडी जुन्या जोडीच्या कडेवर कॅलिपर लावून मोजा. ५ ची काच, १२ ची पोकळी, ५ ची काच म्हणजे २२ मिलिमीटर. तुमचं बीडिंग याच जाडीचं आहे, २४ ची जोडी आणलीत तर ते बसणार नाही. कोटिंग कोणत्या काचेवर आहे हे कळायला अंधारात लायटरची ज्योत काचेसमोर धरा. चार प्रतिबिंबं दिसतील, वेगळ्या रंगाचं असेल ते कोटिंगवरचं. ऑर्डर देताना हे सांगितलं नाही तर शेजारच्या खिडकीपेक्षा वेगळ्या छटेची काच येते आणि ती रोज डोळ्यांत खुपते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यासाठी काच मुंबईहून मागवत असाल तर जागेची उंची आधी सांगा. १,३५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो, खाली बंद केलेली जोडी वर जाऊन फुगते आणि सील पहिल्या दिवसापासून ताणलेलं राहतं. बनवणारे यासाठी बारीक श्वासनळी ठेवून देतात, पण तुम्ही सांगितलं तरच.

काच काढणं

झडप सरकती असेल तर वरचा अडसर काढा, झडप उचलून घरात आणा आणि गादीवर आडवी ठेवा. उघडणारी किंवा कायमची बंद असेल तर बीडिंग आतून आहे ना ते आधी बघा. बाहेरून असेल आणि तुम्ही पहिल्या मजल्याच्या वर राहत असाल तर या कामाला हात लावू नका, झुला लावून काम करणारा माणूस बोलवा.

बोथट पट्टी सगळ्यात लांब बीडिंगच्या मध्यावर घाला, हळूच उचका, मग बाकीची. पेन्सिलने नंबर घाला. वजनाचा अंदाज आधी करून ठेवा: काचेच्या दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. १.२ मीटरची चौरस खिडकी, दोन ५ च्या काचा, म्हणजे ३६ किलो. दोघं लागतात, हातमोजे लागतात, आणि जोडी फरशीवर नाही, दोन लाकडी पट्ट्यांवर टेकवायची. टफन काचेचा कोपरा फरशीला ठोकला की काम संपलं.

पाणी आणि पॅकिंग

सगळं काम इथे आहे. बाकीचं कुणीही करेल.

खाच रिकामी झाली की तळाकडे बघा. काळा चिखल, सिमेंट, रंगाचे पापुद्रे, मेलेले किडे. पाणी जायची भोकं याखाली कुठेतरी असतात. खाच झाडून पुसून घ्या, भोकांतून तार फिरवा, मग कपभर पाणी ओता. पाणी लगेच बाहेर पडायला हवं. थबकून झिरपत असेल तर चौकटीच्या आतल्या कप्प्याचं आणि बाहेरच्या कप्प्याचं भोक यांच्या मध्ये काहीतरी अडकलंय, ते निघेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि बाहेरच्या भोकांवर सिलिकॉन मारलेलं दिसलं, तर ‘पाऊस आत येतो’ या तक्रारीवर कुणीतरी केलेला इलाज म्हणून ते आलेलं असतं. या इलाजाने जितकी सीलं मारलीत तितकी उन्हाने मारली नसतील. खिडकीत थोडं पाणी शिरणारच, चौकट ते बाहेर काढायलाच बनवलेली असते. ब्लेडने सिलिकॉन कापा आणि भोकं मोकळी करा.

आता पॅकर. जोडी खाचेच्या तळावर थेट ठेवायची नसते, प्लॅस्टिकच्या पॅकरवर ठेवायची असते, म्हणजे तिची कड पाण्याच्या वर राहते. प्लायवुडचा तुकडा नको, फुगतो. पुठ्ठा नको, लगदा होतो. सिलिकॉनचा गोळा तर अजिबात नको.

पॅकरची रुंदी बघा. तो दोन्ही काचांच्या खाली पोचलाच पाहिजे. २२ च्या जोडीखाली १५ चा पॅकर घातला की एक काच टेकते आणि दुसरी नुसत्या सीलवर लोंबकळते. पंधरा-अठरा किलोची काच दिवसरात्र चिकटपट्टीच्या भरवशावर! बसवताना सगळं ठीक दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात धुकं येतं आणि दोष काचेच्या कारखान्यावर जातो. जुनी जोडी काढताना पॅकर कुठे, किती रुंद, कशाचे होते याचा फोटो काढा. कारण कळतंच, आणि वॉरंटीच्या भांडणात तो फोटो कामी येतो. पॅकर पाण्याच्या भोकावर येऊ देऊ नका. जागा तिथेच येत असेल तर खालून पाणी जाऊ देणारा पुलासारखा पॅकर मिळतो, तो घ्या.

जागा खिडकीच्या प्रकारावर ठरते. कायमच्या बंद खिडकीला तळाला दोन, दोन्ही टोकांपासून लांबीच्या पावावर. सरकत्या झडपेला तळाचे दोन चाकांच्या बरोबर वर, नाही तर खालची पट्टी वाकते आणि झडप घासायला लागते.

उघडणाऱ्या झडपेला वेळ लागतो, आणि बहुतेक जण इथेच गडबड करतात. झडप एका बाजूने टांगलेली असते, म्हणून हँडलकडची बाजू खाली झुकू बघते. काचेनेच तिला तिरकं उचलून धरायचं असतं. बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक पॅकर तळाला आणि एक उभ्या बाजूला, कोपऱ्यापासून चार-पाच बोटं आत. मग कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, हँडलच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, तसेच दोन. बाकीच्या कोपऱ्यांतले पॅकर काच हलू नये इतपतच, दाबून नाहीत. आता बीडिंग न लावता, दुसऱ्या माणसाने काच आतून हाताने धरलेली असताना, झडप हळू बंद करून बघा. चौकट आणि झडप यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. हँडलकडे खाली घासत असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या उभ्या पॅकरची जाडी एक मिलिमीटरने वाढवा, परत बंद करा, परत बघा. एका बोटाने बंद होईपर्यंत हेच करत राहायचं. कंटाळून पॅकर ठोकून बसवू नका. काचेच्या कडेवर ठोकणं म्हणजे पुन्हा नवी जोडी.

बंद करणं

आधी आखूड बीडिंग, मग लांब, रबरी हातोडीने. रबर बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा.

यूपीव्हीसी खिडकीला रबर नीट असेल तर सिलिकॉन लागतच नाही. कारागीर तरी फिरवतोच म्हणाला तर ट्यूब उघडून वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ती परत पाठवा. त्यातून सुटणारं आम्ल ब्युटिलला आणि लॅमिनेटेड काचेच्या मधल्या थराला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब आणा.

बिलावर काचांची जाडी, पोकळी, कोटिंग आणि सीलची वॉरंटी किती वर्षांची ते लिहून घ्या. नुसतं ‘डबल ग्लास १ नग’ असं लिहिलेल्या बिलावर पुढे कुणी दाद देत नाही. आणि घरातल्या बाकीच्या खिडक्या त्याच माणसाने, त्याच पॅकरवर बसवलेल्या असतील, तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांचीही पाण्याची भोकं तार घालून मोकळी करून घ्या.